घरदाखवे

प्रत्येक सोसायटीत एक तरी घरदाखवे असतात. दारावरच्या पाटीवर जोशी असो, पाटील असो की कांबळे. नव्या फ्लॅटचं इंटिरियर पूर्ण झालं की गृहस्थाचा घरदाखवे होतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, कर्ज वीस वर्षांचं आणि तोंडी शब्द एकच, 'स्पेस'. पूर्वी मुली दाखवायचे, आता घरं दाखवतात. फरक इतकाच की तेव्हा पोहे आधी मिळत.

आपण भर उन्हातून आलेलो असतो. वहिनी पाण्याचा ट्रे घेऊन येतात, तोच घरदाखवे हात आडवा घालतात. "थांब गं, आधी घर तर बघू दे! पाणी काय, कुठेही मिळतं."

कार्यक्रम दारातच सुरू होतो. आपण विचारतो, "चपला कुठे काढू?" घरदाखव्यांना हाच प्रश्न हवा असतो. समोर सरळसोट लाकडी भिंत असते. हँडल नाही, कडी नाही, फट नाही. "शोधून दाखव!" म्हणत ते स्वतःच एक फळी दाबतात. आत एमसीबीचे खटके. दुसरी दाबतात, ती उघडतच नाही. तिसऱ्या फळीमागून इस्त्रीचा बोर्ड अंगावर येतो. तेवढ्यात वहिनी जाता जाता कोपराने कुठेतरी टक् करतात आणि चपलांचं कपाट उघडतं.

हॉलमध्ये दिवे दाखवले जातात. म्हणजे दिवे दिसत नाहीत, उजेड दाखवला जातो. "हा 3000 केल्विन, वॉर्म. तो पलीकडचा 4000. आणि हा कोव्हमधला फक्त मूडसाठी." दिव्यांची सगळी बटणं लागली की हॉलमध्ये साधारण दिवेलागणीइतका उजेड पडतो. घरदाखव्यांचे वडील सकाळचा पेपर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी, पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली बसून वाचतात. तिथला मूड कसा आहे, ते त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मग येते विटांची भिंत. इथे घरदाखव्यांचा आवाज हळवा होतो. "लॉरी बेकर!" ते भिंतीवरून हात फिरवत म्हणतात. बेकर मूळचे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, 1917 सालचा जन्म. पुढे तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाले आणि कमी खर्चाची घरं बांधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. विटा उभ्या आणि मध्ये पोकळी ठेवून रचायच्या, म्हणजे जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. वर प्लास्टर करायचं नाही, म्हणजे तोही पैसा वाचतो. घरदाखव्यांच्या बिल्डरने भिंतीला प्लास्टर करूनच दिलं होतं. त्यावर पुट्टीही झाली होती. मग त्या पुट्टीवर यांनी चौरस फुटाच्या दराने विटांच्या पातळ चकत्या चिकटवून घेतल्या. बेकरांनी जो खर्च वाचवला, तो घरदाखव्यांनी दुप्पट करून केला. पण भिंत दिसते अगदी काटकसरी.

घरदाखव्यांच्या घरातल्या प्रत्येक कल्पनेची हीच तऱ्हा. ती कुणाच्या तरी अडचणीतून निघालेली असते. कुणाकडे पैसे नव्हते, कुणाकडे जागा नव्हती, कुणाकडे ऊन फार होतं. यांच्याकडे ती अडचण नसते. तोडगा मात्र यांनी विकत आणलेला असतो, जीएसटीसकट.

चार्ल्स कोरिया हे त्यांचं दुसरं दैवत. मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत 1983 साली पूर्ण झाली, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेहून पक्कं ठाऊक. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला; पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून उंच इमारतीत नेला आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या. घरदाखवे हे रंगून सांगतात. "आपल्या हवेत व्हरांडा हवाच! घर आणि आभाळ यांच्यात काहीतरी मधलं पाहिजे."

"मग तुमची बाल्कनी?"

"ती आत घेतली. हॉल अडीच फुटांनी वाढला ना!"

स्वयंपाकघराला दार नाही, भिंतही नाही. ओपन किचन. याचा मान ते वास्तुकार फ्रँक लॉइड राइटला देतात आणि त्यात तथ्य आहे. तिसाच्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गाच्या घरातून नोकर गेले होते. एकटी बाई स्वयंपाक करणार, तर तिला घरापासून तोडू नये, म्हणून राइटने आपल्या लहान, स्वस्त घरांत स्वयंपाकाची जागा बैठकीला जोडून टाकली. घरदाखव्यांकडे स्वयंपाकाला मावशी येतात. सकाळी साडेनऊला हे हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसून परदेशातल्या साहेबाशी गंभीर चेहऱ्याने बोलत असतात आणि पाठीमागे मावशी सुक्या बोंबलाला फोडणी देतात. मोहरी तडतडते, मिरची घशात जाते, साहेब तिकडून तब्येतीची चौकशी करतो. तेव्हापासून मध्ये काचेचं सरकतं दार बसवलंय. दार लावल्यावर ओपन किचन आतून बंद दिसतं आणि बाहेरून महाग.

याच ओट्याखाली टँडेम ड्रॉवर, कॉर्नर कॅरोसेल आणि बाटल्यांसाठी उभा पुलआउट. मॉड्युलर किचनची मूळ आजी 1926 साली जर्मनीत जन्मली. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी एक चिमुकलं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं आणि वेळ मोजून, प्रत्येक जिन्नस हाताशी येईल असं. घरदाखव्यांच्या किचनमध्ये वहिनींची पावलं कमी झाली नाहीत. गव्हाची कोठी, पापडाचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या 'लुक बिघडतो' म्हणून बेडच्या स्टोरेजमध्ये गेल्यात. पोळ्यांची कणीक संपली की आधी गादी उचलावी लागते.

ओट्यावर एकही वस्तू दिसता कामा नये, हा तर दंडकच. वास्तुकार मीस व्हॅन डर रोह हे यातले आराध्य. त्यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठी अमेरिकेत चारी बाजूंनी काचेचं घर बांधलं, 1951 साली पूर्ण झालं. जगभरच्या पुस्तकांत त्याचे फोटो आहेत. घरदाखवे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. बाईंचं आणि मीसचं खर्चावरून कोर्टात वाजलं आणि सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, रस्त्यावरून सगळं दिसतं, अशी बाईंची तक्रार होती. डॉक्टर झाल्या, मोठ्या झाल्या, पण अडल्या त्या डब्यापाशीच. वहिनींना ही हकीकत कळली तर त्या फार्न्सवर्थबाईंच्या नावाने हळदीकुंकू करतील.

पावसाळ्यात घरदाखव्यांकडे जाऊ नये. गेलात तर छतावरच्या जिप्समवर पिवळसर नकाशा उमटलेला दिसेल. त्याचंही त्यांच्याकडे उत्तर आहे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची फ्रान्समधल्या प्वासीची व्हिला सव्हॉय 1931 मध्ये उभी राहिली आणि गळायला लागली. मालकीणबाई पत्रं लिहून थकल्या. राइटच्या एका घरात मालकाच्या डोक्यावर जेवताना ठिबकायला लागलं, त्याने चिडून फोन केला, तर राइटने खुर्ची सरकवायला सांगितलं, असा किस्सा प्रसिद्ध आहे. "मोठी घरं गळतातच," घरदाखवे सोफा सरकवत म्हणतात. वरच्या मजल्यावरच्यांची न्हाणी गळते, एवढंच खरं कारण असतं. पण ते फारच घरगुती.

या सगळ्या प्रकरणात शहाणा माणूस एकच, सुतार. तो डिझायनरचं ड्रॉइंग पाहतो, "हो साहेब" म्हणतो, आणि साहेब ऑफिसला गेले की वहिनींना हळूच विचारतो, "भाभी, झाडू कुठे ठेवणार?" ड्रॉइंगमध्ये झाडू नसतो. तो टीव्ही युनिटच्या मागे वीतभर जागा काढून देतो. त्या घरात रोज वापरली जाणारी सगळ्यात कल्पक जागा तीच, आणि दाखवण्याच्या कार्यक्रमात ती कधीच नसते.

तेव्हा नवं घर सजवायला काढलं असेल तर एवढं करा. डिझायनरला मोबाइलमधले फोटो दाखवण्याआधी घरातल्या अडचणींची यादी द्या. ओल्या छत्र्या, वर्षाचे गहू, गणपतीचं मखर, म्हातारपणचे गुडघे, पश्चिमेचं ऊन, सगळं लिहा. बेकर काय, कोरिया काय, त्यांनी सुरुवात अशाच यादीपासून केली होती. आणि पाहुणे आले की आधी पाणी द्या. घर काय, ते बसल्या जागेवरूनही बघतील.