शेवटच्या डब्यातले गार्डमामा

वसईतल्या निर्मळमध्ये कुणी घर बांधायला काढलं, की रेती-खडीवाला न बोलावता येतो, बोअर मारणारा येतो आणि गार्डमामा येतात. पहिले दोघे काम सुरू होण्याआधी येतात. गार्डमामा काम झाल्यावर येतात.

मामांचं ज्ञान कच्चं असतं तर तक्रारच नव्हती. चुकीचे सल्ले देणारे प्रत्येक आळीत दोन-चार असतातच. त्यांना चहा पाजला, मान डोलावली, की ते पुढच्या घरी जातात. मामांचा जाच असा, की ते बरोबर असतात. अगदी मिलिमीटरपर्यंत बरोबर. आणि ते बरोबर आहेत हे आपल्याला कळतं तेव्हा सिमेंट घट्ट झालेलं असतं.

पश्चिम रेल्वेत त्यांनी उभी हयात विरार लोकलचे गार्ड म्हणून काढली. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण मामा त्याआधीच निवृत्त झाले होते. म्हणजे बढतीसुद्धा त्यांना चुकवूनच गेली. आमच्याकडे टारगट पोरं म्हणतात, मामा आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसले, म्हणून गाडी फलाटातून पुढे गेली तरी यांचं स्टेशन यायचंच असतं. एकदा कुणीतरी त्यांची बाजू घेतली, "अहो, पण चर्चगेटला तोच डबा पहिला होतो की!" मामांनी शांतपणे सांगितलं, "डबा पहिला होतो रे, पण गार्ड उतरून चालत दुसऱ्या टोकाला जातो."

बांधकामाची विद्या त्यांनी त्या डब्यातच मिळवली. वसईरोड, नालासोपारा, विरार या स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना भातशेती आणि मिठागरं जाऊन बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्या त्यांनी रोज जाता-येता पाहिल्या. कुठली बिल्डिंग किती पावसाळ्यांत काळी पडली, कुठल्या गॅलरीचा पोपडा कधी पडून सळी उघडी झाली, हे त्यांना पाठ आहे. पुढे काँक्रीटचा सरकारी कोड, आय. एस. ४५६, त्याची २००० सालची आवृत्ती, त्यांनी मिळवली आणि वाचली. नुसती वाचली नाही, तिला पुठ्ठा घातला. खिशात एक टेप, एक पेन्सिल आणि एक जुना रुपया. रुपया लादीवर वाजवून बघायला. खालून माल नीट भरला नसेल तर लादी पोकळ वाजते. मामा सवयीने भिंतीवर वाजवतात, चौकटीवर वाजवतात. एकदा चर्चच्या आवारात बोलता बोलता समोरच्याच्या हेल्मेटवर वाजवून "पोकळ" म्हणाले होते.

हा स्वभाव घरांपुरता नाही. कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेत नातवाला घेऊन पाळण्यात बसले, चांगल्या पाच-सहा फेऱ्या मारल्या आणि खाली उतरल्यावर पाळणेवाल्याला म्हणाले, "डाव्या पायाखालची फळी दबलीये, बसायच्या आधी बघायला हवी होती." मामी सांगतात, "लग्न लागून तिसरा दिवस होता. मला विचारतात, तुला स्वयंपाक येतो का?"

तर घरांबद्दल.

आमच्या आळीच्या टोकाला एका गृहस्थांनी वाडीतलं बावखल बुजवलं आणि त्यावर बंगला काढला. बावखल बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. वाडीच्या मधोमध खणलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. तेच पाणी उन्हाळ्यात केळीला आणि पानवेलीला जायचं, आणि जमिनीत मुरून विहिरी गोड ठेवायचं. डंपरमागून डंपर माती पडली, रोलर फिरला, फादरनी येऊन पायाला आशीर्वाद दिला, पेढे वाटून झाले आणि मग मामा आले. काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, "मूळ जमीन लागली का?"

"भराव चांगला दाबून घेतलाय, मामा."

"भराव वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यातून सगळीकडे सारखा बसला तर घर नुसतं खाली जाईल, पण तो तसा बसत नाही. आधी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे मारायचे, जुनी घट्ट जमीन किती फुटांवर लागते ते बघायचं, पाया तिथून उचलायचा. नाहीतर बावखल सोडून बाजूला सरकायचं. जागा आहे की तुमच्याकडे." मग थोडं थांबून, धीर दिल्यासारखं, "खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली की मला बोलवा."

दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांनी बोलावलं. मामांनी चीर पाहिली, कोन मोजला आणि समाधानाने चहा घेतला.

जोत्याच्या बाबतीतही हेच. एका मास्तरांनी रस्त्यापासून दोन फूट जोतं घेतलं, वर प्लिंथ बीम भरला, भिंती कमरेपर्यंत आल्या. मामांनी सायकल टेकवली. "दोन फूट कुठल्या रस्त्यापासून? आजच्या की दहा वर्षांनंतरच्या?" जुना थर न खरवडता दर डांबरीकरणात रस्ता थोडा थोडा चढतो आणि घर आहे तिथेच राहतं, हे मास्तरांना पटलं, पटून उपयोग नव्हता. मामांनी वर जुलै २०१८ ची आठवणही काढली. तेव्हा नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले होते आणि वसई दोन-तीन दिवस पाण्यात होती. "त्या वेळी पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याच्या भिंतीवर बघायचं, त्यावर फूटभर चढवायचं आणि मग जोतं ठरवायचं. पाणी सातबारा बघून आत येत नाही."

पण मामांचा खरा प्रांत काँक्रीट, आणि खरा शत्रू समुद्र. राजोडी-कळंबचा किनारा इथून जवळ. वाऱ्यात खार, कित्येक विहिरींत खार. ज्या वसईत टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई संरक्षण समितीने रान उठवलं, तिथेच स्लॅबच्या दिवशी लोक मचूळ विहिरीवर पंप लावतात, याचा त्यांना मनापासून राग आहे. काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं कोड सांगतो. सळ्या नसलेल्या कामाला २००० पर्यंत चालतं. प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी दिलं की कळतं. पण बाटली आधी द्यायची असते. मामा ती बाटली घेऊन येतात तेव्हा स्लॅबवर पाण्याची आळी बांधलेली असतात, मुकादम पैसे मागत असतो आणि मंडळी बिर्याणीला बसलेली असतात.

अशाच एका बिर्याणीला मीही होतो. मामा ताटावर बसेनात. वर जाऊन आले आणि घरमालकाला म्हणाले, "गोणीला पाणी किती घातलंत?"

"जेवढं लागलं तेवढं."

"कुणाला लागलं? काँक्रीटला की बिगाऱ्याला?"

हा प्रश्न मला फार आवडला. माल पातळ असला की घमेल्यातून सुळकन ओतता येतो, पसरायला मेहनत पडत नाही, म्हणून बिगारी पाणी वाढवतो. समुद्रकाठच्या कामाला सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, आणि ओल्या रेतीतलं पाणीही त्यातच धरायचं. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्या छिद्रांतून खारी हवा सळीपर्यंत पोचते. सळी गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. आपल्याकडे याला "स्लॅबला पाणी लागलं" म्हणतात आणि वर डांबर फासून मोकळे होतात. तेही नाही जमलं तर पत्र्याची शेड मारतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने अशा कित्येक शेडी उचलून शेजाऱ्यांच्या वाडीत नेऊन ठेवल्या, आणि मामा दुसऱ्या दिवशी जे-हुक कसे मारायला हवे होते ते सांगत घरोघरी फिरले.

त्यांचं स्वतःचं घर? ते वडिलांनी बांधलेलं कौलारू आहे, मंगलोरी कौलांचं, पुढे ऐसपैस ओटी. गळत नाही, तडकत नाही. मामांना त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही याचं दुःख आहे. तरी संध्याकाळी ओटीवर बसून ते कैलासवासी... चुकलो, स्वर्गवासी वडिलांना सांगतात, "पागोळीचं पाणी पायावर पडतंय, वाशे वीतभर पुढे काढायला हवे होते."

अशी वर्षं गेली. गावाने मामांना पाऊस, डास आणि वीज जाणं यांच्या पंक्तीत बसवून टाकलं होतं. मग शेजारच्या मावशींनी दोन खोल्या बांधायला काढल्या.

मावशी फुलांचा धंदा करणाऱ्या. पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन दादरला जाऊन शिक्षण झालेलं, त्यामुळे वेळेचं गणित पक्कं. नवरा नाही, मुलगा आखातात, कंत्राटदार गोड बोलणारा. पायाचे खड्डे नुकते खणून झाले होते, सळी ट्रकमधून उतरायचीच होती. रविवारी मिस्सा सुटल्यावर मावशींनी आवारात मामांना गाठलं आणि सहज म्हटलं, "मामा, काल कॉलम भरून घेतले हो आम्ही."

मामांचा चेहरा उजळला. "कव्हर किती ठेवलंत?"

"म्हणजे?"

"सळी आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतलं अंतर! समुद्राच्या हवेला ४५ मिलिमीटर. तुमच्या कंत्राटदाराने खडीचे दगड अडकवले असणार. त्याला सिमेंटचे तयार कव्हर ब्लॉक लागतात, सगळे एका मापाचे. आणि माल एम-२० चा भरला असेल, इथे एम-३० लागतो. रिंगांचे आकडे बघितलेत? ९० अंशात वाकवले असतील, हलताना उघडतात. १३५ अंशात वळवून आत घुसवायचे. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसतायत, आपलाच जिल्हा आहे. पण आता काय, भरून झालं."

"झालं खरं," मावशी म्हणाल्या. मागे भाचा उभा होता. तो मोबाइलवर टिपून घेत होता.

जोत्याची भरणीही व्हायची होती तेव्हा मामांना कळलं, की स्लॅब टाकून झाला. त्यांनी पाण्याचं सांगितलं, व्हायब्रेटरचं सांगितलं, फ्लाय ॲश घातलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं, साध्याला निदान ७, हे सांगितलं. साडेचार मीटरच्या आतल्या गाळ्याचे टेकूसुद्धा ७ दिवसांच्या आत हलवायचे नाहीत आणि बीमखालचे १४ दिवस, हेही. "कंत्राटदाराला सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. तुमच्या नेल्या असतीलच." मावशींच्या कंत्राटदाराने अजून फळ्या आणल्याही नव्हत्या. स्लॅब अजून टाकायचाच होता तेव्हा मामांना प्लास्टर झाल्याचं कळलं. त्यांनी विजेचे पाइप स्लॅबमध्येच टाकायला हवे होते म्हणून हळहळ व्यक्त केली, आणि सेप्टिक टँक विहिरीपासून लांब घ्यायला हवी होती म्हणूनही.

मग एका सकाळी मामा सायकलवरून तिकडे आले. खरं तर त्यांना कॉलमवर रुपया वाजवून बघायचा होता. समोर सळ्यांचे उघडे सांगाडे उभे. कव्हर ब्लॉक ४५ चे, तारेने घट्ट बांधलेले. रिंगांचे आकडे आत वळलेले. मामांनी टेप काढला, मोजलं, पुन्हा मोजलं. कंत्राटदार बाजूला तोंड पाडून उभा होता, कारण त्याचा हा सगळा खर्च ठरलेल्या दरात बसत नव्हता. शेवटी मामा मावशींकडे वळले.

"तुम्ही मला फसवलंत."

"नाही मामा. तुम्हाला वेळेवर आणलं."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे खड्डे खणण्याआधी वाळवीचं औषध मारायचं ठरवायला हवं होतं."

त्यावर मावशींनी त्यांना औषधाचा डबा दाखवला. ते जोत्याखालच्या भरणीवर फवारायचं होतं, भरणी पुढच्या आठवड्यात होती. मामांना त्या दिवशी चहाही गोड लागला नाही असं मामी सांगतात.

मावशींचं घर झालं. दोनच खोल्या, पण पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर कोरडा निघतो. त्यानंतर निर्मळमध्ये ही रीतच पडली. मामांना आता संशय येतो, पण सल्ला ओठावर आला की त्यांना राहवत नाही. कुणी "स्लॅब झाला" म्हटलं, की ते डोळे बारीक करून "खरं झाला?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता सुरू होतात.

तेव्हा तुम्ही आमच्याकडे घर बांधायला काढणार असाल, तर रविवारी मिस्सा सुटल्यावर या, मामा नारळाच्या झाडाखाली असतात. पाया खणायचा असेल तर जोतं झालं म्हणून सांगा, जोतं असेल तर स्लॅब झाला म्हणून सांगा. लिहून घ्यायला कुणाला तरी बरोबर आणा, कारण आकडे भरभर येतात. फक्त घरभरणी झाली असं चुकूनही सांगू नका. मामा तुम्ही हे घर बांधायलाच का नको होतं, ते सांगायला लागतील, आणि तेही बरोबर असेल.