शाल, श्रीफळ आणि सॉफ्टवेअर

संस्था नोंदवायला कायद्याने सात माणसं लागतात, आणि पुण्यात ती एका संध्याकाळी जमतात. अध्यक्ष व्हायला तर त्यातले पाच तयार असतात. अडतं ते खजिनदारापाशी. हे पद बहुधा त्या सभेला जो आला नाही त्याला मिळतं, आणि मग बँकेतून निवृत्त झालेला हा सज्जन पुढची वीस वर्षं ‘यंदा मला मोकळं करा’ असं दर वार्षिक सभेत सांगत राहतो. मोकळं कोणी करत नाही. हिशेब त्याच्या अक्षरात असतो आणि ते अक्षर इतर कोणाला लागत नाही.

अशा संस्थेच्या कार्यकारिणीत हल्ली ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात कोणी तरी तरुण सभासद (वय पंचावन्न) म्हणतो, की आपण आता हिशेब क्लाउडवर न्यायला हवा. पहिली शांतता ओसरली की प्रश्न सुरू होतात. आपला हिशेब नक्की कुठे असणार? तिथे तो कोण बघणार? गुरुवारी वीज गेली तर? आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारलं, “आणि दप्तर तपासायला धर्मादाय कार्यालयातून कोणी आलं, तर त्यांना काय वर बोट दाखवायचं?”

वास्तविक, हिशेब इमारतीबाहेर ठेवण्याचं महत्त्व पुण्याइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला कळायला हवं? 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तेव्हापासून कुठलाही जुना कागद मागितला की ‘तो पानशेतमध्ये गेला’ हे उत्तर शहरात प्रमाण मानलं जातं. 1968 साली स्थापन झालेल्या संस्थेतही मी ते ऐकलं आहे.

तर मग सॉफ्टवेअर बघायचं ठरतं. एक चुणचुणीत मुलगा बाणेरहून लॅपटॉप घेऊन येतो आणि भिंतीवर चित्रं पाडतो. हे इनव्हॉइस, हा स्टॉक, हा जीएसटी, हे तुमचे कस्टमर. आमच्याकडे कस्टमर नाहीत, देणगीदार आहेत, असं सांगितलं की तो म्हणतो, “काही हरकत नाही सर, नाव बदलता येतं.” नाव बदलतं, पण स्वभाव बदलत नाही. एका संस्थेने असं एक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून पाहिलं. पत्नीच्या स्मरणार्थ पंचवीस हजार देईन असं सांगितलेल्या एका वृद्ध गृहस्थांची नोंद कारकुनाने ‘येणे’ म्हणून केली. पंधराव्या दिवशी सॉफ्टवेअरने त्यांना आपणहून पत्र धाडलं, की आपली रक्कम थकली आहे, ती त्वरित भरून सहकार्य करावं. गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कार्यालयात हजर. खजिनदारांना घाम फुटला. गृहस्थांनी चेक दिला, पावती नीट वाचून पाहिली आणि म्हणाले, “एवढ्या वर्षांत तुमच्या संस्थेकडून वेळेवर आलेलं हे पहिलं पत्र.”

हिशेबाचं सॉफ्टवेअर मुळात दुकानदाराचं अपत्य आहे. आपल्याकडे घरोघर पोचलेल्या टॅलीचीच गोष्ट घ्या. गिरण्यांना आणि कारखान्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंकांना धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं काही मिळेना, म्हणून त्यांच्या भरत या मुलाने ते लिहिलं. कंपनी 1986 ची. दुकानदाराचा प्रश्न सरळ असतो: वर्षाअखेर राहिलं किती? संस्थेचा प्रश्न निराळा. कोणी दिलेले पैसे कशावर खर्च झाले? हिंगण्यात अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाला रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले होते. ते पैसे झोपडीचे. त्यातून धान्य भरलं तर संस्थेला तोटा होत नाही, पण शब्द मोडतो.

आपल्या संस्थांत असे शब्द कपाटभर असतात. 1974 साली कोणी वडिलांच्या नावाने 1,001 रुपये दिलेले असतात: व्याजातून दरवर्षी संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यावं. सहा टक्क्यांनी व्याज होतं साठ रुपये. पाकीट, प्रमाणपत्र आणि पेढा धरून खर्च येतो त्याच्या तिप्पट. तरीही तो निधी वेगळा दाखवावा लागतो, त्याचं व्याज वेगळं, आणि न दिलेलं बक्षीस पुढच्या वर्षी ओढायचं. असे चाळीस निधी असले की खजिनदार झोपेत खतावणी करतात. हे टॅलीत ‘कॉस्ट सेंटर’ लावून जमवता येतं, चेन्नईच्या झोहो बुक्समध्ये टॅग लावून, मुंबईत जन्मलेल्या आणि ज्याचा कोड सर्वांना खुला आहे अशा ईआरपीनेक्स्टमध्येही जमतं. जमतं म्हणजे, प्रत्येक नोंद करताना कोणी तरी तो टॅग लावला तर. हे ‘कोणी तरी’ कुठलीच कंपनी पुरवत नाही.

त्यातून आपला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा. त्याचा ताळेबंद परिशिष्ट आठप्रमाणे, उत्पन्न-खर्चाचं पत्रक परिशिष्ट नऊप्रमाणे. नऊमध्ये संस्थेच्या उद्देशांवरचा खर्च पाच कप्प्यांत टाकायचा: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय. आता व्याख्यानाचा खर्च घ्या. वक्त्याचं मानधन शैक्षणिक, हे मान्य. पण श्रीफळ? आणि शाल? यावर एका सभेत पाऊण तास चर्चा झाली. थंडीत दिलेली शाल वैद्यकीय धरावी, ही सूचना अल्पमतात गेली. शेवटी सगळं ‘इतर’मध्ये गेलं.

आयकराचं गणित त्याहून कडक. 2021-22 पासून ऐंशी जी कलमाखाली देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम ‘दहा बीडी’ या फॉर्ममध्ये भरून 31 मेपर्यंत पाठवणं भाग पडलं, उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये. पावतीपुस्तकावर ‘एक हितचिंतक, कसबा पेठ’ लिहून देणगी घेणाऱ्या शहरावर हा मोठाच घाला होता. रोख दोन हजारांच्या वर गेली तर सवलत नाही, हे 2017 पासून. आता 2025 चा नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू, म्हणजे पाठ केलेले कलमांचे आकडे पुन्हा पाठ करा. परदेशातल्या पुतण्याचा प्रश्न आणखी नाजूक. तो अजून भारतीय नागरिक असेल तर त्याच्या बचतीतली देणगी देशी. नागरिकत्व बदललं असेल तर तेच पैसे विदेशी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरायला हवेत. संकेतस्थळावरच्या ‘देणगी द्या’ या बटणाला पुतण्याचा पासपोर्ट दिसत नाही.

या सगळ्यात सॉफ्टवेअर निवडतं कोण? कागदोपत्री कार्यकारिणी. प्रत्यक्षात संध्याकाळी सहा ते आठ येणाऱ्या अकाउंटंट बाई. त्या दिवसा दोन दुकानांचे हिशेब लिहितात, पावत्यांची पिशवी टेबलावर ओततात आणि ‘हे रिक्षाचे ऐंशी रुपये कुणाचे?’ असं विचारत ते उचंत खात्यात टाकतात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांना कोणी बोलावलेलंच नसतं. निवड झाल्यावर त्या महिनाभर नव्या पडद्यावर आणि टॅलीत अशा दोन्हीकडे लिहितात, मग फक्त टॅलीत. वर्गणी मात्र तीन वर्षांची आगाऊ भरलेली असते.

आगाऊ भरण्याबद्दल आणखी एक. जगभर चालणाऱ्या क्विकबुक्सने 2023 मध्ये भारतातून गाशा गुंडाळला आणि इथल्या वापरणाऱ्यांना आपापला हिशेब उतरवून घ्यायला सांगितलं. ढग हलतात, हे आपल्याला शाळेत शिकवलेलंच आहे.

म्हणून आपल्या संस्थेत हा विषय निघाला, तर त्या मुलाला बाणेरहून बोलावण्याआधी अकाउंटंट बाईंना बोलवा, आणि त्यांच्या हाताने तो 1,001 रुपयांचा निधी, एक शाल आणि एक ‘हितचिंतक’ भरून बघा. तिन्ही नीट बसले तर 1 एप्रिलपासून सुरुवात करा, मधल्या महिन्यात नको. दर महिन्याला सगळा हिशेब उतरवून कपाटातल्या डिस्कवर ठेवा. पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या. आणि खजिनदारांना यंदा खरोखर मोकळं करा.