सख्ख्या आत्याला कुलूप

जुन्नरला गुपित टिकत नाही. नारायणगावच्या मार्केटात कुणाच्या टोमॅटोला काय भाव फुटला, ते घरच्यांआधी आळीला कळतं. अशा गावात आमच्या पुतण्यानं घरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एन्क्रिप्ट करायला घेतली, तेव्हा त्याच्या आईनं रास्त शंका काढली, "कुणापासून लपवायचंय?"

"चोरापासून."

"चोर मशीन विकेल, की तुझ्या मुंजीचे फोटो बघत बसेल?"

पण त्याच डिस्कवर सगळ्यांची आधार, पॅन, पासबुकं आणि सातबारेही होते. त्यामुळे कुलूप मंजूर झालं.

कुलपापाठोपाठ बॅकअपचा नियम आला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटातल्या डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. पण क्लाउडवर आईचा विश्वास बसेना. जे आभाळ ऐन पेरणीत दगा देतं, त्याच्या हवाली कागदपत्रं कशी करायची? म्हणून तिसरी प्रतही डिस्कवरच घेतली आणि ती घोडेगावला आत्याकडे गेली. नियमातलं एक कलम मोडलं, पण घोडेगावच्या आंबेगाव तालुक्याला घराबाहेरच्या प्रतीचं मोल सांगावं लागत नाही. खुद्द आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव तालुक्याला राहिलं, कारभार घोडेगावातून चालतो.

डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली. आत्याच्या नातवानं ती कौतुकानं आपल्या लॅपटॉपला जोडली. विंडोजला त्यातलं काही ओळखू येईना. ओळखू येत नाही असं कबूल करण्याऐवजी त्यानं विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? लगेच आत्याचा फोन.

"अरे, तुमची डिस्क कोरी आहे म्हणे. पुसून तिच्यावर कीर्तनं भरू का?"

नको म्हणताना कारण सांगावं लागलं. त्यावर ती फणकारली, "सख्ख्या आत्याला कुलूप लावतोस?"

पासवर्ड आत्याला सांगायचा, तर तो संध्याकाळच्या एसटीनं मंचरला पोहोचणार. फक्त पुतण्याकडे ठेवायचा, तर त्याची विसरण्याची ख्याती मोठी. किल्ली हरवली की काय होतं, ते नाणेघाटात दिसतं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं, सगळा हिशोब आकड्यांनिशी दगडात कोरलेला. बॅकअप असा, की दोन हजार वर्षांचा पाऊस त्याला पुरता पुसू शकला नाही. कुलूप तर कुणी लावलंच नव्हतं. तरी त्याची ब्राह्मी लिपी वाचणारी माणसं सरली आणि घाटानं येणारे-जाणारे शतकानुशतकं त्याच्याकडे नुसते बघत राहिले. १८३७ साली प्रिन्सेपनं ब्राह्मीची अक्षरं लावली, तेव्हा कुठे असे लेख बोलू लागले. दगड टिकतो, किल्ली माणसांनीच सांभाळावी लागते. आणि आमच्या डिस्कसाठी कुणी प्रिन्सेप यायचा नाही, कारण एन्क्रिप्शन असतंच मुळी त्याला दमवण्यासाठी.

शेवटी पासवर्डचे दोन तुकडे केले. पुढचा आईकडे, मागचा आत्याकडे. मानपानाच्या एका साडीवरून या नणंद-भावजयींत अबोला आहे. तेव्हा चोरांना आमचं खुलं आव्हान आहे. आधी या दोघींना बोलतं करून दाखवा, मग कागदपत्रं खुशाल न्या. आम्ही चहासुद्धा पाजू.