दिवाणखान्यातील खांब

इमारतीच्या संरचना-आराखड्याची धुरा वाहणारा ज्येष्ठ अभियंता, ज्यास मुंबई-पुण्याकडील बांधकाम-व्यवहारात 'आरसीसी कन्सल्टंट' या त्रोटक बिरुदाने ओळखतात, तो वस्तुतः गुरुत्वाकर्षणाचा वकील होय. मात्र त्याच्या अशिलाची बाजू ऐकून घेण्याची उत्सुकता बैठकीत कोणासही नसते. वास्तुविशारदास दिवाणखान्यातील खांब दृष्टीआड हवा असतो, म्हणून तो २३० मिलिमीटरच्या भिंतीत लपवावा असे फर्मान सुटते; आणि आयएस १३९२० या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने खांबाची लहान बाजू ३०० मिलिमीटरहून कमी नसावी असे बजावले आहे, ही कैफियत अभियंत्याने सादर केली की वास्तुविशारद खेदाने आणि बिल्डर संशयाने त्याच्याकडे पाहू लागतो. पुढच्या बैठकीत, मोटारी वळविण्यास अडचण होते या सबबीवर, तोच खांब तळमजल्यापुरता बरखास्त करण्याचा प्रस्ताव येतो. वरचे मजले जणू कोणाच्या शिफारसपत्रावर उभे राहणार असतात! बिल्डरची कसोटी तर याहूनही सुटसुटीत: दर चौरस फुटामागे लोखंड किती किलो पडले? (शेजारच्या प्रकल्पात ते नेहमीच कमी पडलेले असते, तेथे मजले किती आणि खाली मुरूम की काळी माती, ही चौकशी शिष्टसंमत मानली जात नाही.) कोयनेचा १९६७ चा भूकंप हा विषय तर 'नकारात्मक' ठरून तहकूब होतो. अखेर इमारतीच्या स्थैर्याच्या दाखल्यावर सही कोणाची, या एकाच मुद्द्यावर सभेत पूर्ण एकमत असते, आणि दाखला उद्या सकाळी दहापर्यंत हवा असतो.