चार खाती, एक तार

२००० सालच्या आगेमागे पुण्यातल्या बहुतेक बिल्डिंगांत एक तरी नेटवाले काका असत. आमचे काका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. सगळा पैसा एका बँकेत ठेवायचा नाही, हे बँकेतच शिकलेले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा ते देणारं एकच, विदेश संचार निगम. एकच होतं तोवर काका गप्प होते. १९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना मुभा मिळाली आणि काकांना कंठ फुटला. बघता बघता त्यांच्या विंडोज ९८मधल्या ‘डायल-अप नेटवर्किंग’च्या फोल्डरात चार कनेक्शनं नांदू लागली.

त्यांचं बारसंही काकांनीच केलं: ‘दिवस’, ‘रात्र’, ‘सणवार’ आणि ‘अडीनडी’. ‘रात्र’मध्ये रात्रीचे स्वस्त तास. ‘सणवार’ मासिकाबरोबरच्या सीडीतून फुकट आलेलं. ‘अडीनडी’ला हात लावायचा नाही. मुदत संपून त्याचे तास बुडाले, तरी काकांना हळहळ नसे. “विम्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून कुणी रडतं का?”

चारही पासवर्ड कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी, उलटे लिहिलेले. चोर फसावा म्हणून. फसायचे काकाच, आणि पडद्यावर एरर ६९१ उमटायची. ६७६ म्हणजे लाइन एंगेज, ६७८ म्हणजे पलीकडे कुणी उचलतच नाही. जिन्यात “काय काका, बरं आहे ना?” विचारावं, तर उत्तर यायचं, “कसलं बरं! सकाळपासून ६७६.”

कुणाचं नेट अडलं की काका बोलावण्याची वाट पाहत नसत. “डीएनएसचे आकडे कंट्रोल पॅनेलमध्ये कोंबलेत कुणी? ज्याचे त्याच्या कनेक्शनमध्ये घाला!” हे निदान बरोबरही निघे, त्यामुळे पुढचा तासभर काकांचं ऐकून घ्यावं लागे.

घरी मात्र खरा सोहळा. “फोन कुणी उचलायचा नाही!” अशी दवंडी. मग मोडेमचं केकाटणं. ते थांबून पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवलेसे कॉम्प्युटर लुकलुकले की काकांचा चेहरा फुलायचा. मोडेमच्या खोक्यावर ५६ के, पडद्यावर ३१,२००. पण काकांना वेगाशी काय करायचंय? मेल नाही, चॅट नाही. “लागतंय,” म्हणायचं, तोडायचं आणि दुसरं लावून बघायचं. दर वेळी टेलिफोनचा नवा कॉल पडायचा. फोनचं बिल काका काकूंच्या आधी गाठत.

“अहो, चार-चार नेट घरात आणि माझ्या बहिणीचा फोन काही लागत नाही,” काकू म्हणत. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलला आणि ‘रात्र’ ऐन भरात तुटली. त्या दिवसापासून त्या फोनवर टॉवेल पडला.

एका पावसाळ्यात रस्ता खणताना केबल तुटली. लाइनमन आला. काकांनी त्याला बसवून चारही कनेक्शनं दाखवली.

“काका, पण वायर एकच ना?” तो म्हणाला.

काकांनी लगेच दुसऱ्या टेलिफोनचा अर्ज केला. यथावकाश लाइन आली. काकूंनी हौसेने बहिणीचा नंबर फिरवायला घेतला, तोच काकांनी रिसीव्हर काढून घेतला.

“अगं, ही अडीनडीची आहे!”