आधी धर्म, मग बातमी

माणूस मारला गेला की पत्रकाराने पहिल्यांदा काय विचारायचं? काय घडलं, हेच ना? आपल्या वाहिन्या आधी विचारतात, मारणारे कोण होते. ‘कोण’ म्हणजे नाव-गाव नव्हे. धर्म.

पालघर आठवा. 16 एप्रिल 2020 ची रात्र, गडचिंचले गाव. गुरूंच्या अंत्यविधीसाठी कांदिवलीहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. त्यांतले सत्तरीतले एक साधू पोलिसाच्या आडोशाला गेले, तरी वाचले नाहीत. तिघांनाही ठेचून मारलं.

पोलीस तिथेच होते. या एका वाक्यावर महिनाभर बातम्या व्हायला हव्या होत्या.

झालं काय? व्हिडिओ पसरला आणि अनेकांना त्यात ‘शोएब’ ऐकू आलं. मूळ आवाज होता ‘ओय बस’. बस, म्हणजे पुरे. थांबवणाऱ्याच्या तोंडी मारेकऱ्याचं नाव घातलं गेलं.

22 एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्याला सांगावं लागलं. खुनाच्या तपासात धर्माची हजेरी कधीपासून घ्यायला लागलो आपण?

यादी पाहून हुश्श करणारेही होतेच. ‘आपले’ सुटले, विषय संपला. मेलेल्यांचं काय?

खरी बातमी होती आधीपासून गावोगाव फिरणारी अफवा. चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत. टाळेबंदीत गावकरी रात्र-रात्र पहारा देत होते. काही दिवस आधी त्याच भागात एका डॉक्टरवर आणि पोलिसांवर हल्ला झाला होता. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. हे सगळं जोडायला त्या भागातल्या कासा पोलीस ठाण्यापर्यंत जावं लागतं. स्टुडिओत ओरडायला कुठेच जावं लागत नाही.

त्याच एप्रिलमध्ये करोना पसरवल्याचा ठपका ठेवून तबलिगी जमातच्या लोकांच्या नावाने दिवसरात्र चर्चा झडत होत्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, असं निकालपत्रात नमूद केलं.

त्या निकालावर किती रात्री चर्चा झाली? आठवते एखादी?

आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या कोपऱ्यात, हा अन्याय आहे. त्याला चूक म्हणणं सोडा. चूक रोज एकाच बाजूला होत नसते.

आणखी एक. पालघरच्या प्रकरणाला आजही ‘पालघर साधू हत्याकांड’ म्हणतात. मेले तिघे. चालक त्या नावात आलाच नाही, कारण त्याच्या मरणावर कुणाला झेंडा रोवता येत नव्हता.

पुढच्या दंगलीत पडद्यावर धर्म आधी आला, तर टीव्ही बंद करा. सकाळच्या पेपरात अफवा कुठून निघाली, पोलीस किती वाजता पोहोचले, गुन्हा कुणावर दाखल झाला, एवढं शोधा. नसेल, तर संपादकाला पत्र लिहून मागा. पेपरचे पैसे तुम्ही भरता.