चाय बंद हाय

हिंगणघाटच्या कापूस बाजारात अडत्याच्या गादीला टेकून एक गृहस्थ हमखास बसलेले दिसतात. नाव काहीही असो, गाव त्यांना भाऊ म्हणतं. वय साठीच्या अल्याड-पल्याड. छातीत अधूनमधून ‘गॅस’ धरतो. दिवसाचे चहा किती, असं विचारलं की उत्तर ठाम, “दोन. सकाळी एक, सांजच्याले एक.”

हे झाले घरचे. बाजारातले चहा भाऊ मोजत नाहीत, कारण ते त्यांनी मागितलेले नसतात. अडत्यानं मागवला तो अडत्याचा. कापसाला भाव मिळाला म्हणून कास्तकारानं पाजला तो त्याच्या खुशीचा, भाव पडला म्हणून पाजला तो त्याच्या दुःखाचा. दोन्ही वेळी नाही म्हणायला माणूस दगडाचा लागतो. हाफ हा तर चहाच नव्हे.

खर्ऱ्याचं खातं निराळं. पानठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून ती पाटावर खरखर घोटायला लागला की भाऊ बोलता बोलता थांबतात आणि आवाजावरूनच सांगतात, “अजून दोन हात मार, सुपारी कच्ची हाय.” 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा भाऊंनी तिचं जाहीर स्वागत केलं. गुटखा वाईटच, असं त्यांचं मत आहे. खर्रा गालात असल्यामुळे ते जरा अस्पष्ट ऐकू आलं, एवढंच.

तर हा ‘गॅस’ पुढे जिना चढतानाच धरायला लागला आणि डॉक्टरांनी नागपूरला स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली. गुडघ्यांमुळे पट्ट्यावर पळणं भाऊंना शक्य नव्हतं. अशांना मग इंजेक्शन देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त कुठे पोचतं, कुठे नाही, याचे फोटो काढतात. इथे चहाची गोष्ट येते. औषधाला जिथे जाऊन काम करायचं असतं, तिथे चहातलं कॅफिन एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं आधीच जागा धरून बसतं. औषधाचा जोर चालत नाही आणि अडथळा असला तरी फोटोत तो झाकला जाऊ शकतो. म्हणून कुठे 12 तास, कुठे 24 तास आधीपासून कॅफिन असलेलं सगळं बंद ठेवायला सांगतात. भाऊंना मिळालेल्या कागदावर 24 तास होतं. कागद लांबलचक होता. भाऊंनी पहिली ओळ वाचली, चहा घेऊ नये, आणि घडी घालून खिशात ठेवला.

मग अख्ख्या बाजाराला कळलं. “चाय बंद हाय आपली,” असं भाऊ न विचारताच सांगत सुटले. दुपारपर्यंत तेज चढलं, सायंकाळी डोकं चढलं. रोजचा चहा एकदम तुटला की डोकं दुखतंच. भाऊंनी मेडिकलवरून गोळी आणली. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनच असतं, आणि भाऊंना गुण येणारी गोळी नेमकी त्यातली. दहा मिनिटांत तरतरी. “पाहा, चायबिगर बी चालते!”

रात्री वहिनींना दया आली. “अजी, उपाशी नका झोपू,” म्हणून त्यांनी दुधात बोर्नव्हिटा घालून दिलं. त्यात कोको. याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी पुढे आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चहा, कॉफी आणि कोको या तिघांना एकाच प्रकरणात बसवलं आहे. दवाखान्याचा कागदही तेच सांगत होता. पण तो खिशात.

सकाळी गाडी जामच्या चौरस्त्याला थांबली. सगळ्यांनी चहा घेतला. भाऊंनी ताठ मानेनं नकार दिला आणि गॅस उतरावा म्हणून कोला प्याले. “थंडा चालते न. थो कुठं चाय हाय?” बुटीबोरी येईस्तोवर एक खर्राही झाला, कारण खर्रा काही पीत नाहीत.

नागपूरला तपासणीच्या टेबलावरची मुलगी कागद घेऊन एकेक विचारू लागली.

“काका, चहा?”

“थेंब नाही.”

“कॉफी?”

“आपल्या खानदानात नाही.”

“कोल्ड्रिंक? चॉकलेट, कोको? डोकेदुखीची गोळी? तंबाखू?”

भाऊ खोटं बोलत नाहीत, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. प्रत्येकाला “हव” म्हणाले, वेळेसकट. मुलीनं पेन खाली ठेवलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. भाऊ उखडले. “चाय नाही घेतली न मी! मंग?”

आता त्या तारखेला अजून अवकाश आहे, पण तालुक्यात कुणालाही स्ट्रेस टेस्ट निघाली की माणूस आधी भाऊंना गाठतो. भाऊ गादीवर मांडी घालून बसवून घेतात आणि बजावतात, “गोळी घेशीन तं इचारून घेजो. डिकॅफ कॉफीचा भरोसा नाही, तिच्यात बी थोडं राह्यते. दम्याच्या काही औषधाईचंबी तसंच, पन थे आपल्या मनानं बंद नको करू, डॉक्टरले इचार.” सगळं बिनचूक. आता कागद शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे.

परवा एकानं भीतभीत विचारलं, “भाऊ, तुमचा रिपोर्ट काय आला जी?”

“माया सोड,” भाऊ म्हणाले. “तू चाय बंद केली का नाही, थे सांग.”